दादाची गाडी आणि अप्पांचे आटे

राजाजीनगरच्या आमच्या घरासमोर एक गाडी उभी असते. दादा तिला ‘स्पोर्ट्‌स कार’ म्हणतो, आई ‘ती उघडी गाडी’ म्हणते आणि अप्पा बरीच वर्षं तिला काहीच म्हणत नव्हते. तिच्यामुळे दारात रांगोळीला जागा उरली नाही, ही आईची कायमची तक्रार. पण घरात खरं भांडण झालं ते रांगोळीवरून नव्हे, ब्रेकवरून. त्या ब्रेकचीच ही हकिकत.

अप्पा मूळचे बेळगावचे. १९६८ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी बंगळूरला आले, एका कारखान्याच्या टूलरूममध्ये टर्नर म्हणून लागले आणि तिथूनच फोरमन होऊन निवृत्त झाले. बंगळूरच्या या भागात मराठी माणसाला अगदीच परकं वाटत नाही. किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनी १९४६ साली या शहरात सुरू झाली आणि आमच्या ओळखीतली कितीतरी मराठी घरं त्या कारखान्याच्या निमित्तानं मल्लेश्वरम-राजाजीनगराकडे येऊन राहिली. अप्पांची नोकरी दुसरीकडे होती, पण वस्ती हीच. राजाजीनगरचं औद्योगिक वसाहतीशी नातं जुनं. आमच्या लहानपणी शाळेतून घरी येताना दोन-चार लेथची घरघर ऐकल्याशिवाय घर येत नसे. लोखंडाचा कीस चपलेत अडकून घरात यायचा आणि आई ओरडायची. २०१४ साली मेट्रो आली, जागांचे भाव कुठल्या कुठे गेले, तरी गल्लीबोळांत अजून एखादा लेथ फिरत असतोच.

अशा घरात वाढलेल्या मुलाला यंत्रांचं वेड लागलं नसतं तरच नवल. दादानं नोकरीतल्या बोनसमधून जी गाडी घेतली ती एक जुनी स्टँडर्ड हेरल्ड. आमच्या आईवडिलांच्या पिढीला ही गाडी चांगली आठवत असेल. इंग्लंडच्या ट्रायम्फ कंपनीची ही मोटार १९६१ पासून मद्रासला ‘स्टँडर्ड’ या नावानं तयार होत असे. जोवानी मिकेलोत्ती या इटालियन माणसानं तिला रूप दिलेलं. पुढचं बॉनेट उघडायचं म्हणजे मडगार्ड आणि दिव्यांसकट गाडीचं अख्खं तोंडच पुढे कलतं. चेसिस वेगळी, वरचा सांगाडा तिच्यावर बोल्टांनी बसवलेला. इतकंच काय, छप्परसुद्धा बोल्टांनीच लावलेलं. बोल्ट काढले की छप्पर निघालं. याच हेरल्डच्या घराण्यातून ट्रायम्फनं १९६२ साली ‘स्पिटफायर’ नावाची दोन माणसांची स्पोर्ट्‌स कार काढली. त्यामुळे हेरल्ड घेतली म्हणजे अर्धी स्पोर्ट्‌स कार घेतलीच, असा दादाचा हिशेब. उरलेली अर्धी तो घरी करणार होता.

छप्पर निघालं. गाडी लाल झाली. मग इंजिनाला हात लागला. मूळचं इंजिन ९४८ सी.सी.चं, तब्येतीनं चालणारं. दादानं हेड घासून घेतलं, एकाऐवजी दोन कार्ब्युरेटर बसवले, सायलेन्सर बदलला. रविवारी सकाळी ती सुरू झाली की समोरच्या मावशी गॅलरीत येऊन कानावर हात ठेवून उभ्या राहात. दादा खूष होता. एकदा फेरी मारून आला आणि अप्पांना म्हणाला, “अप्पा, शंभर गाठले तिनं, अगदी सहज.”

अप्पा पेपर वाचत होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “पळते किती ते कळलं. थांबते किती?”

दादा हसला. त्या वेळी सगळेच हसले. मीही फोनवर हे ऐकून हसले होते.

ही गोष्ट २०१६ची. पुढच्या जानेवारीत एका रविवारी पहाटे दादा, वहिनी आणि आमचा आठ वर्षांचा छोटू नंदी हिल्सला गेले. बंगळुरातल्या प्रत्येक गाडीवाल्याला हे वेड असतं. साठेक किलोमीटरवर १,४७८ मीटर उंचीचा हा डोंगर, वर टिपूचा किल्ला, पहाटेचं धुकं आणि चढताना एकामागून एक पिनेसारखी वळणं. वर जाताना गाडीनं कमाल केली. उतरताना दादानं गिअर वरचाच ठेवला आणि वळण आलं की ब्रेक, पुन्हा वळण की पुन्हा ब्रेक, असं करत तो खाली येऊ लागला. निम्म्या घाटात जळल्यासारखा वास आला. वहिनी म्हणाली, “काहीतरी करपतंय.” त्यानंतरच्या दुसऱ्या का तिसऱ्या वळणावर पायाखालचं पेडल मऊ झालं आणि थेट तळाला टेकलं. दादानं दोन-तीनदा पंप केलं. काही नाही. मग हँडब्रेक ओढत, गिअर करकरवत खाली आणत त्यानं गाडी डोंगराच्या बाजूच्या मातीच्या उंचवट्यावर घातली. दुसऱ्या बाजूला काय होतं ते मी इथे लिहीत नाही.

गाडीला फार लागलं नाही. छोटूला मागच्या सीटवर खरचटलं. वहिनीनं समोर हात टेकला होता, तिचं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं.

ही गाडी का थांबली नाही, ते समजून घ्यायला इंजिनिअर असावं लागत नाही. ब्रेक गाडी थांबवतो असं आपण म्हणतो, पण खरं तर तो गाडीच्या वेगाची उष्णता करतो आणि ती उष्णता हवेत सोडतो. एवढंच त्याचं काम. माणसांसकट हजार किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरच्या वेगात असताना एकदा थांबवली, तर तेवढ्या उष्णतेत सव्वा लिटर साधं पाणी उकळेल. वेग निम्मा, म्हणजे ५० असेल, तर उष्णता निम्मी नव्हे, पाव होते. उलट सांगायचं तर वेग दुप्पट केला की ब्रेकवर चौपट भार. दादानं इंजिन वाढवलं तेव्हा हा चौपटीचा पाढा त्यानं म्हटला नव्हता. आणि घाटाचं तर आणखी वेगळं. नंदीचा उतार सुमारे पाचशे मीटरचा धरा. सगळं काम ब्रेकवर टाकून खाली यायचं म्हटलं, तर पंधरा-सोळा लिटर पाणी उकळेल एवढी उष्णता चार चाकांत मिळून तयार होते. आंघोळीची बादली भरून उकळतं पाणी! म्हणूनच जुने ड्रायव्हर सांगतात की ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरा. इंजिनच गाडी मागे ओढून धरतं आणि ब्रेकला श्वास घ्यायला उसंत मिळते.

दादाच्या गाडीला चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक होते. डब्यासारखा लोखंडी ड्रम चाकाबरोबर फिरतो आणि आतून दोन अर्धगोल शू त्याच्यावर दाबले जातात. उष्णता बंद डब्यात कोंडते. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे शूपासून लांब जातो, आणि पेडल आणखी खाली जातं. लायनर अति तापले की त्यांची पकडही सुटते. डिस्क ब्रेकमध्ये उघडी तबकडी फिरते आणि चिमटीत धरावी तशी ती दोन पॅडमध्ये धरली जाते. वारा सरळ तिच्यावर लागतो, पावसाचं पाणी उडून जातं.

घरी आल्यावर अप्पांनी एकच वाक्य उच्चारलं, “गाडी विकून टाक.” दादानं विकली नाही. वहिनीनं सांगितलं की ती स्वतः त्या गाडीत पाय ठेवणार नाही आणि छोटूला तर मुळीच बसू देणार नाही. गाडीवर ताडपत्री पडली. अप्पा आणि दादा यांच्यातलं बोलणं ‘जेवलास का’, ‘वीजबिल भरलं का’ एवढ्यावर आलं. आई फोनवर मला म्हणायची, “दोघं एका ताटात जेवल्यासारखे होते गं. त्या डबड्यानं घालवलं सगळं.”

त्या वर्षी दिवाळीला मी राजाजीनगरला गेले, तेव्हा दादानं मनाशी ठरवलं होतं. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक लावायचे. मला घेऊन तो जे. सी. रोडला गेला. मोटारींच्या सुट्या भागांचा बंगळूरचा हा मोठा बाजार. तिथून शिवाजीनगरच्या गुजरीत, म्हणजे भंगारबाजारात. वाटेत त्यानं मला ब्रेकचा इतिहास ऐकवला, आणि त्यातली एक गोष्ट आपल्या पानांसाठीच असल्यासारखी आहे.

१८८८च्या ऑगस्टमध्ये कार्ल बेंझची बायको बर्टा नवऱ्याला न सांगता त्याची मोटार घेऊन बाहेर पडली. बरोबर ऑयगेन आणि रिचर्ड हे दोन मुलगे. मानहाइमहून माहेरी फोर्त्सहाइमला, शंभरावर किलोमीटर. मोटारीनं केलेला जगातला पहिला लांबचा प्रवास तो हाच. वाटेत उतारांवर लाकडी ब्रेक झिजून गेला, तेव्हा तिनं एका गावात चांभाराला गाठलं आणि ब्रेकच्या ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. आज ज्याला आपण लायनर म्हणतो त्याची सुरुवात ती. नवरा इंजिनात गुंतलेला असताना थांबायचं कसं हे बायकोनं पाहिलं! दादा हे सांगत होता तेव्हा त्याला त्यातला टोमणा जाणवला की नाही कोण जाणे. मी काही बोलले नाही.

डिस्क ब्रेकचं पेटंट लँचेस्टर या इंग्रजानं १९०२ सालीच घेतलं होतं. पण त्याचा डंका वाजला तो १९५३ साली, फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत. रोल्ट आणि हॅमिल्टन या जोडीनं डिस्क ब्रेकवाली जॅग्वार चालवून ती जिंकली. इतरांना वळणाच्या कितीतरी आधी वेग कमी करावा लागे, जॅग्वार तोच वेग आणखी पुढेपर्यंत टिकवू शके. चांगल्या ब्रेकनं गाडी शर्यत जिंकते ती अशी. दोनच वर्षांनी त्याच ल मान्सला जॅग्वार पुढे वेग कमी करत असताना तिच्या मागची गाडी बाजूला वळली, त्या गाडीवर तिसरी, ड्रम ब्रेकवाली मर्सिडीज आदळली आणि प्रेक्षकांत घुसली. ऐंशीहून जास्त माणसं गेली. आपला ब्रेक कितीही चांगला असला तरी मागच्याचा तसा असेलच असं नाही, हे हमरस्त्यावर गाडी हाकणाऱ्यानं लक्षात ठेवायला हरकत नाही.

गुजरीतून एका मोडीत निघालेल्या लहान गाडीचे कॅलिपर मिळाले. कॅलिपर म्हणजे पॅड दाबणारी लोखंडी चिमटी. डिस्क नवीन घेतल्या. ते हेरल्डच्या चाकाशी जुळवायला मधे पोलादी पट्ट्यांचे ब्रॅकेट करावे लागणार होते. हे सगळं कामाक्षीपाळ्याच्या बाजूच्या एका गॅरेजला दिलं. मेकॅनिक हुशार, हात चलाख. दादानं काही विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं, “सार, परवागिल्ला.” कानडीतल्या या एका शब्दात ‘काही हरकत नाही’पासून ‘चालून जाईल’पर्यंत सगळं बसतं. चार दिवसांत गाडी तयार झाली, घरी आली. पेडल दाबलं तर दगडासारखं घट्ट. कुठे तेलाचा थेंब नाही. दादाचा चेहरा कितीतरी महिन्यांनी उजळला होता.

त्या रात्री जेवणं झाल्यावर अप्पा उठले, कपाटावरचा आपला पत्र्याचा डबा काढला आणि बॅटरी घेऊन बाहेर गेले. कुणाला काही बोलले नाहीत. मी मागोमाग गेले. एकाहत्तर वर्षांचा माणूस फरशीवर पोतं टाकून पुढच्या चाकापाशी आडवा झाला होता.

“दादाला बोलाव,” ते म्हणाले. “आणि सतराचा पाना आण म्हणावं.”

दादा आला. अप्पांनी चाक काढायला लावलं, कॅलिपरला जोडलेली रबरी नळी सोडवायला लावली. नळीच्या टोकाच्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळलेली होती. नळाच्या जोडाला प्लंबर गुंडाळतो तीच. अप्पांनी ती नखानं सोलली. “ब्रेकला टेप लागत नाही. टेप लावली म्हणजे कुठंतरी ढिलं होतं.”

मग डब्यातून थ्रेड गेज निघाला. कंगव्यासारख्या दातांच्या पोलादी पात्यांचा जुडगा असतो तो. प्रत्येक पात्याचे दात वेगळ्या अंतराचे. ज्या पात्याचे दात आट्यांत अचूक बसतील, ते त्या आट्याचं माप. अप्पांचा मोतीबिंदू काढलेला, तरी पाती ते बोटांनीच ओळखतात. नळीला एक पातं लावलं, कॅलिपरच्या भोकाशी दुसऱ्या मापाचा एक बोल्ट फिरवून पाहिला.

“ही नळी जुन्या गाडीची. तीन सूत, इंचाला चोवीस आटे. आणि हे कॅलिपर मेट्रिक. दहा मिलिमीटर, एकाचा पिच.” ते दादाकडे न बघता म्हणाले. “बसलंय. धरलेलं नाही.”

वाचकांपैकी ज्यांचा कारखान्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. कारागिराच्या भाषेत एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तीन सूत म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. दहाच्या भोकात साडेनऊचा आटा. दोन आट्यांमधलं अंतरही जवळजवळ सारखं, म्हणून तो फिरतो, आत जातो, आवळल्यासारखाही वाटतो. पण आट्यांचे फक्त शेंडे एकमेकांना लागलेले असतात, निम्म्याहून कमी. तेल गळत नाही, कारण ते अडवण्याचं काम तळाशी असलेला तांब्याचा वॉशर करतो. घरासमोर उभ्या गाडीत सगळं ठाकठीक दिसतं. पण रस्त्यात एकदम काही आडवं येतं आणि आपण जीव खाऊन पाय दाबतो, तेव्हा त्या नळीत दर चौरस सेंटिमीटरला साठ-सत्तर किलोचा दाब येतो. तेव्हा ते शेंडे सोलून नळी बाहेर येऊ शकते. म्हणजे जेव्हा हवा नेमका तेव्हाच ब्रेक नाही.

दादा म्हणाला, “पण अप्पा, मी चांगला जोर लावून दाबून पाहिलं. काही झालं नाही.”

अप्पांनी वाद घातला नाही. कॅलिपर मागच्या अंगणातल्या वाइसमध्ये पकडला, नळी हातानं पुन्हा लावली, दादाच्या हातात पाना दिला. “आवळ. भिऊ नको, नेहमी आवळतोस तेवढंच.”

दादानं आवळलं. पाना अडला, मग किंचित सरकला, आणि मग नुसता फिरतच राहिला. अप्पांनी नळी दोन बोटांनी उपटून बाहेर काढली. तिच्या आट्यांतून चकचकीत तारेसारखा बारीक कीस लोंबत होता.

कुणीच काही बोललं नाही. आत छोटू टी.व्ही. बघत होता, त्याचा आवाज तेवढा येत होता.

थोड्या वेळानं अप्पांनी विचारलं, “जुनं ब्रेक ऑइल ठेवलंयस?” गॅरेजनं ते एका बाटलीत भरून दिलं होतं. अप्पांनी बाटली बॅटरीपुढे धरली. फिकट मधासारखं असायचं ते तेल काळ्या कॉफीसारखं झालं होतं. “हे कधी बदललं होतंस?”

दादा गप्प. मग म्हणाला, “घेतल्यापासून नाही.”

आठ वर्षं. आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो ते खरं तर तेल नव्हेच. ते एक रसायन आहे आणि हवेतली ओल शोषून घेणं हा त्याचा स्वभाव आहे. बाटलीवर डॉट-३ लिहिलेलं नवं ब्रेक ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओल मुरली की तेच १४० अंशांच्या आसपास उकळू शकतं. डॉट-४चे हेच आकडे २३० आणि १५५ असे आहेत. नळीत द्रव असतो तोवर पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो, कारण द्रव दबत नाही. तो उकळून वाफ झाली की पाय नुसती वाफ दाबतो. नंदीच्या उतारावर पेडल तळाला टेकलं ते यामुळेच. दोन कार्ब्युरेटर आणि लाल रंगासाठी दादानं पगार ओतले होते, आणि काहीशे रुपयांचं तेल दोन वर्षांनी बदलायचं राहून गेलं होतं. ड्रम जुने होते हे खरं, पण त्या दिवशीचा दोष ड्रमचा कमी आणि आमचाच जास्त होता.

त्या रात्री दादा बराच वेळ पायरीवर बसून होता. वहिनीनं दार लोटलं नाही, उघडंच ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून काम अप्पांच्या हाती गेलं. कुणी दिलं नाही, त्यांनी घेतलं. गॅरेजचे ब्रॅकेट त्यांनी मोजले आणि बाजूला ठेवले. भोकं अर्ध्या मिलिमीटरनं इकडेतिकडे होती, म्हणजे पॅड डिस्कवर तिरके घासणार. जुन्या सहकाऱ्याच्या लेथवर जाऊन त्यांनी जाड पोलादी पट्टीतून नवे ब्रॅकेट करून घेतले. बोल्ट बाजारातले साधे चालणार नाहीत म्हणून डोक्यावर ८.८ असा आकडा कोरलेले, जास्त ताकदीचे आणले. हायड्रॉलिकच्या नळ्या करणाऱ्याकडून दोन नव्या नळ्या करून घेतल्या. एका टोकाला तीन सूत, दुसऱ्या टोकाला दहा मिलिमीटर, आणि दोन्ही टोकं वेगळी ओळखू यावीत म्हणून मेट्रिक टोकावर निळ्या रंगाचा ठिपका.

सगळ्यांत मोठा बदल मात्र डोळ्यांना न दिसणारा होता. जुन्या गाडीत चारही चाकांना मिळून एकच तेलाची वाट असते. एका ठिकाणी फुटली की चारही ब्रेक गेले. अप्पांनी हट्ट धरून दुहेरी मास्टर सिलिंडर बसवायला लावला. पुढच्या चाकांची वाट वेगळी, मागच्यांची वेगळी. एक गेली तरी दुसरी गाडी थांबवेल. कॅलिपरला जास्त तेल ढकलावं लागतं म्हणून त्याचं मापही हिशेबानंच घ्यावं लागलं. दादाला मागेही डिस्क हव्या होत्या. अप्पा म्हणाले, नकोत. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात. मागे जास्त जोर दिला तर ती आधी अडकतात आणि गाडी गर्रकन फिरते. मागचे लहान ड्रमच बरे, फक्त लायनर नवे. ते बदलताना दादा ड्रममधली धूळ फुंकणार होता, तर अप्पांनी हात धरला. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं. ती धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. ओल्या फडक्यानं पुसायची, फडकं पिशवीत बांधून टाकायचं.

मग ब्रेकमधली एअर काढायचा दिवस आला. या कामाला दोन माणसं तरी लागतात. एक चाकापाशी निपल उघडायला, दुसरं आत बसून पेडल दाबायला. सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करायची. दादा चाकापाशी, अप्पा तेलाचं भांडं भरत राहणार, कारण ते रिकामं झालं तर पुन्हा हवा शिरते. मी आत बसले, पण माझा पाय अप्पांच्या तालात पडेना. “दाब म्हटलं की दाब, सोड म्हटल्याशिवाय सोडू नको,” हे पत्रकारितेच्या पदविकेत शिकवलेलं नव्हतं! दोन चाकं झाली आणि माझ्या पोटरीत गोळा आला. वहिनी दारातून बघत होती. ती आली, म्हणाली, “ऊठ तू,” आणि स्टिअरिंगमागे बसली.

“दाब.” “धर.” “सोड.” अर्धा तास चालला. नळीतून आधी बुडबुडे, मग बारीक बुडबुडे, मग नुसतं स्वच्छ तेल. मोडलेल्या मनगटाचा हात तिनं मांडीवर ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला, रस्ता रिकामा असताना दादा आणि अप्पा तुमकूर रस्त्याला गेले. नवे पॅड लगेच धरत नाहीत, ते डिस्कवर घासून बसवावे लागतात. वेग घ्यायचा, ब्रेक दाबून कमी करायचा, पूर्ण थांबायचं नाही, गार होऊ द्यायचं, पुन्हा. असं दहा-बारा वेळा. नंतर अप्पांनी एका मोकळ्या जागी खडूनं रेघ मारली आणि दादाला पन्नासच्या वेगानं येऊन रेघेवर ब्रेक दाबायला सांगितलं. टेपनं मोजलं तर साडेचौदा मीटर. तीनदा मोजलं, तिन्हीदा त्याच्याच आसपास. दादा म्हणाला पेडल पूर्वीपेक्षा जड लागतं. लागणारच. ड्रममध्ये फिरता ड्रम शूला स्वतःच ओढून घेतो, डिस्कमध्ये सगळा जोर पायाचा. अप्पा म्हणाले, “जड लागू दे. पाय टाकताना जरा विचार करशील.”

कुणी वाचक हे वाचून असंच काही करायला निघाला असेल तर त्यानं एक ध्यानात ठेवावं. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम गाडीच्या मूळ नोंदीला सोडून परस्पर बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते ठणकावून सांगितलं आहे. छपरापासून ब्रेकपर्यंत दादानं आर.टी.ओ.च्या किती फेऱ्या मारल्या, तो वेगळ्याच लेखाचा विषय आहे. ती फाइल गाडीपेक्षा जड आहे.

निघण्याच्या आदल्या दिवशी अप्पा सकाळी आंघोळ करून, स्वेटर घालून गाडीपाशी उभे राहिले. “नंदीला जाऊन येऊ,” म्हणाले. दादा, अप्पा आणि मागे मी. चढताना कुणी बोललं नाही. वर कॉफी घेतली. उतरायला लागलो तेव्हा दादानं न सांगता दुसरा गिअर टाकला. प्रत्येक चार-पाच वळणांनंतर अप्पा गाडी बाजूला घ्यायला लावत, खाली उतरून चाकाजवळ तळहात धरत, हात न लावता, चुलीवरचा तवा तापला का बघावं तसा. मग “चल” म्हणत. तो मातीचा उंचवटा आला तेव्हा त्यांनी थांबायला सांगितलं नाही. दादानंही तिकडे पाहिलं नाही. मी पाहिलं. गवत उगवलं होतं.

या गोष्टीला आता कितीतरी वर्षं झाली. अप्पा ऐंशीला टेकले आहेत. गाडी अजून दारात उभी असते आणि आई अजून रांगोळी पायरीवर काढते. वहिनी त्या गाडीतून चॉर्ड रोडपर्यंत भाजीला जाते, घाटात मात्र अजून गेलेली नाही, आणि तिला कुणी आग्रहही करत नाही. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर गॅस सिलिंडर लावल्याच्या तारखा लिहिलेल्या असतात. वर्षाआड एका महिन्यात त्यांच्याखाली अप्पांच्या वाकड्या झालेल्या अक्षरात आणखी एक ओळ असते, ‘ब्रेक ऑइल’, आणि पुढे दादाची सही घेतलेली असते.